गेलो तरी एक, आलो तरी एक

सन दोन हजार तेवीस. मी एकाहत्तर वर्षांचा होतो. शाळा तिसरीपर्यंत, तीही अर्धी. पण मोजण्यात मला हरवणारा माणूस आमच्या पोंभुर्ण्याकडच्या दहा गावांत नव्हता आणि आजही नाही. ज्याला पटत नसेल त्याने धानाची रास घेऊन यावं. मी अजून बसून मोजू शकतो.

त्या साली गावाने मला रानाच्या वाटेवर बसवलं. कारण सांगतो. आदल्या मोहाच्या हंगामात पलीकडच्या गावची एक बाई पहाटे मोहफुलं वेचायला गेली. बाकीच्या बाया दुपारी परतल्या, ही आली नाही. घरच्यांना वाटलं, माहेरी गेली असेल. माहेरच्यांना काय माहीत! वाघाने तिला सकाळीच नेलं होतं आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत कोणी शोधायलाही गेलं नाही. आमच्या ग्रामसभेत ठरलं, की यापुढे रानात कोण गेलं, कोण आलं, याची मोजदाद पाहिजे. आमच्या गावाच्या एका अंगाला नाला आहे, दुसऱ्या अंगाला वाघ गावात येऊ नये म्हणून लावलेली जाळी. रानात जायला वाट एकच. तिच्या तोंडाशी बसायचं आणि मोजायचं. नावं लिहायची नाहीत, हे बायांनी आधीच सांगितलं. नावांची यादी झाली की ती साहेब लोकांच्या टेबलावर जाते, आणि मग मोहफुलाच्या टोपलीचे दहा सवाल होतात. नुसती डोकी मोजा म्हणाल्या. डोकी मोजायला माझ्याशिवाय कोण?

माझी रीत सोपी. मांडीवर पितळी गडवा, दुपट्ट्याच्या गाठीत चिचोके. माणूस आत गेला की एक चिचोका गडव्यात टाकायचा, बाहेर आला की एक काढायचा. संध्याकाळी गडवाच सांगायचा किती उरले ते. फक्त एक गोष्ट होती. माझा गडवा मी कधी रिकामा ठेवत नसे. भांडं रिकामं ठेवू नये, कोठीत शेवटचं मापभर धान राहू द्यावं, असं माझा बाप सांगे. म्हणून रोज सकाळी माणसं यायच्या आधी पहिला चिचोका मी वाघोबाच्या नावाने टाकी. ज्याच्या घरात आपली माणसं पाठवतो त्याचा मान नको का? संध्याकाळी गडव्यात एक उरला, की सगळे आले असं मी समजे.

एप्रिल लागला आणि माझी नात चंद्रपूरहून घरी आली. कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. दोन दिवस ती माझ्याजवळ वाटेवर येऊन बसली, तिसऱ्या दिवशी म्हणाली, "आबा, हे मी मोबाईलवर करून देते." आणि दिलं! एका रात्रीत नाही, चार दिवस लॅपटॉपशी भांडत होती, पण दिलं. मोबाईलच्या काचेवर दोन मोठी बटणं. हिरवं म्हणजे गेला, लाल म्हणजे आला. वर मोठा आकडा. गावाच्या चावडीजवळ तिने सगळ्यांना ते दाखवलं. पोलीस पाटलाला ते फार आवडलं. पोलीस पाटील म्हणजे तरुण गडी, माझ्या मुलाच्या वयाचा, पण समजूतदार.

तो म्हणाला, "काही दिवस दोन्ही चालू द्या. गडवा बी अन् मोबाईल बी. दोन्हीचा आकडा जुळला तं बरं. पण आबाजी, तुमचा तो देवाचा चिचोका नको. पोरगी सांगून राह्यली तुम्ही एक आगाऊ टाकता. रिकाम्या गडव्यानं बसा."

सगळ्या गावासमोर मला सांगितलं! नातीकडे मी रागाने पाहिलं, ती मोबाईलकडे पाहू लागली. मी म्हणालो, "हाव." दिला शब्द. काय करणार?

त्या संध्याकाळी अंगणातल्या खाटेवर मी नातीला म्हणालो, "तुह्या डब्याच्या पोटात काय हाये ते दाखव मले." ती हसली नाही. ही पोरगी मला आवडते ती याचसाठी. लॅपटॉप उघडून माझ्या मांडीजवळ ठेवला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. इंग्रजी अक्षरं मला ट्रॅक्टरच्या नंबरातली तेवढी ओळखता येतात. तिथे एक एन होता आणि त्याला चिकटून दोन अधिकाच्या खुणा.

"या एनात आकडा राह्यते, आबा. तुमच्या गडव्यासारखा."

"अन् हे दोन अधिक कायले?"

"एकानं वाढवासाठी."

"दोन अधिक अन् एकानं वाढवाचं? मंग दोनानं वाढवाचं झालं तं चार काढशीन का?"

"नाई नं! ते दोन मिळून एकच खूण हाये. दोन अधिक म्हणजे, जे हाये त्यात एक टाक. अन् दोन वजा म्हणजे एक काढ."

मी सोडणारा नव्हतो. तिसरीपर्यंत का होईना, मी अधिक शिकलो होतो. "अधिकाच्या दोन्ही अंगाले आकडा लागते. चार अधिक तीन. इथी उजव्या अंगाले कोनीच नाई. अधिक कशात कराचं?"

"एकच टाकाचा हाये हे खुणेलेच ठाऊक हाये. मंग एक लिहाची गरज काय?"

मी त्या खुणेवर बोट ठेवलं. आणि मग माझ्या अंगावर काटा आला, खरं सांगतो! कारण चिचोका टाकताना मी कधी म्हणतो का, की चार होते, त्यात एक मिळवला, पाच झाले? नाही. माणूस गेला, हात चालला. किती होते ते पाहायचंही नाही. तेच! अगदी तेच त्या पोरीच्या कॉलेजात दोन अधिकांनी लिहितात! मी खाटेवरून उठून चुलीपाशी गेलो आणि बायकोला, माझ्या बुढीला, सांगितलं, "बुढे, ऐकतं का, मी साठ वर्षं जे करून राह्यलो ते आता पुस्तकात शिकवतेत."

बुढी भाकर फिरवत म्हणाली, "मंग उद्यापासून तुम्हीच जा कालेजात. फी मी भरतो कोंबड्या इकून."

मला त्या रात्री झोप उशिरा लागली आणि जाग लवकर आली.

पहाटे आम्ही दोघं वाटेवर जाऊन बसलो. सगळ्यात पहिली आली ती शेजारीण. तिला गावात सगळे काकी म्हणतात. माझ्याच वयाची, एकटी राहते, आणि तिच्या शेताच्या न माझ्या शेताच्या मधल्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, आमचं भांडण आहे. धुरा माझा आहे. ते असो. काकी टोपली डोक्यावर घेऊन वाट ओलांडून आत गेली, मी मोठ्या ऐटीत हिरवं बटण दाबलं, आणि वर आकडा आला शून्य!

"किती म्हणते तुहं डबडं?" काकीने आत जाता जाता वळून विचारलं.

नात बिचारी खरं बोलून गेली, "शून्य."

"मले शून्य म्हणते? इच्या आबानंच शिकवलं असन!"

मागे उभ्या बाया खदाखदा हसायला लागल्या. नातीचा चेहरा उतरला. तिने तिथेच जमिनीवर लॅपटॉप उघडला, पाहिलं, आणि कपाळावर हात मारला. "आबा, मी दोन अधिक एनाच्या मागं लावले. मागं लावले तं ते आधी जुना आकडा दाखवते अन् मंग वाढवते. आगोदर लावले तं आधी वाढवते, मंग दाखवते."

आता हे ऐकून माझं काय झालं असेल! माझा बाप मला खळ्यावर धान मोजायला बसवत असे तेव्हा मापाचा लाकडी कुडो हातात देऊन पहिली गोष्ट हीच शिकवली होती. मोजणारे दोन जातीचे असतात. एक आधी 'सात' म्हणतो आणि मग कुडो ओततो. दुसरा आधी ओततो आणि मग 'सात' म्हणतो. मधेच कोणी हाक मारली, पाणी मागितलं, बैल सुटला, तर पहिल्याची फसगत होते. सात म्हटलं ते ओतलं की नाही, त्याचं त्यालाच कळत नाही. बापाचा हुकूम होता, आधी ओत, मंग बोल. आणि इथे माझी नात, एवढी शिकलेली, तिच्या डब्याने आधी बोलून घेतलं होतं!

"आधी ओत, मंग बोल!" मी ओरडलोच. "लाव ते अधिक आगोदर!"

"लावतो नं आबा, लावतो, बाया पाहून राह्यल्या."

बाया नुसत्या पाहत नव्हत्या, बोलतही होत्या. एकीला उशीर होत होता, एकीचं झाड दुसरी वेचून नेणार होती, एक म्हणे आम्ही तशाच जातो. मी हात आडवा धरून सगळ्यांना थोपवलं. नातीने अधिक उचलून एनाच्या आधी ठेवले, मोबाईल पुन्हा सुरू केला, काकीच्या नावाने एकदा दाबलं, एक आला. मग भराभर सगळ्या गेल्या. मी चिचोके टाकत होतो, ती बटण दाबत होती. सगळे जाईपर्यंत मोबाईल एक्केचाळीस म्हणाला. गडव्यातले चिचोके कोण मोजतो? मी संध्याकाळची वाट पाहणारा माणूस.

दिवस चांगला गेला. दहा वाजल्यापासून माणसं परतू लागली. येताना घोळक्याने येतात, डोक्यावर टोपल्या, तोंडाने गप्पा. मी चिचोके काढत होतो, नात लाल बटण दाबत होती. एकेका घोळक्यात चार-पाच वेळा. आकडा कोण पाहतो? दुपारनंतर फक्त सरपणवाले आत राहिले. ऊन कललं तसे तेही आले. शेवटची एक बाई मोळी घेऊन आली आणि म्हणाली, "माह्या मागं कोनी नाई आबाजी, मीच शेवटची." मी तिच्या नावाचा चिचोका काढला. नातीने बटण दाबलं.

"आबा," ती हळूच म्हणाली, "एक हाये."

मोबाईलवर एक होता. मी गडव्यात पाहिलं. गडव्यातही एक.

पोलीस पाटील रोज त्या वेळेला येतच असे. त्याने मोबाईल पाहिला, गडवा पाहिला, आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. दोन मोजण्या, दोन्हीचा आकडा जुळला! आदल्या दिवशी यानेच म्हटलं होतं, जुळला तर बरं. पंधरा मिनिटांत गावात पुकारा झाला. घरोघर पाहिलं. सगळ्यांची माणसं घरी. एकच दार कडी लावलेलं होतं, काकीचं.

काकी दुपारी आली होती का? कोणी म्हणे आली, कोणी म्हणे नाही दिसली. तिच्याबरोबर वेचणारी बाई म्हणाली, ती नाल्याच्या अंगाच्या झाडांकडे सरकली होती. मला विचारलं. मी काय सांगणार? काकी वाटेवरून जाताना मी दुसरीकडे पाहतो. कित्येक वर्षांची सवय. चिचोका माझा हात काढतो, तोंड कोणाचं ते डोळा पाहत नाही. पहिल्यांदा मला त्या धुऱ्याची लाज वाटली.

सात पोरं जमली. हातात काठ्या, टॉर्च, वाजवायला पत्र्याचे डबे. त्यांत माझा मुलगाही होता. सूर्य झाडांच्या मागे टेकला होता. त्या वेळेला, त्या रानात, वाघीण पिल्लं घेऊन फिरते हे माहीत असून सात पोरं आत जाणार! आत कोणी असेल तर जायलाच पाहिजे होतं. नसेल तर? नसेल तर आपण आपली पोरं हाताने तिच्या तोंडाशी नेऊन सोडतो आहोत.

माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. गडव्यातला तो एक कोणाचा? काकीचा की वाघोबाचा? सकाळी गडवा रिकामा ठेवून बसायचं ठरवून मी आलो होतो. पण हाताची सवय! त्या शून्याच्या भांडणात, त्या गडबडीत, मी पहिला चिचोका टाकला होता की नव्हता? आठवेना. कितीही डोकं खाजवलं तरी आठवेना. टाकला असेल तर सगळे बाहेर. पण मग मोबाईल एक का म्हणतो? मोबाईलला तर वाघोबा माहीत नाही!

बुढी तोवर येऊन उभी राहिली होती. ती माझ्या कानाशी म्हणाली, "सारी उमर मोजण्यात गेली अन् एका बाईचा पत्ता नाई तुम्हाले."

 मी नातीचा हात धरला. "पोरी, सकाळी तू अधिक आगोदर नेले. कोनत्या बटणाचे?"

"हिरव्या."

"अन् लाल बटणातले ते दोन वजा कुठी हायेत? आगोदर का मागं?"

तिने माझ्याकडे पाहिलं.  "आबा... लॅपटॉप घरी चार्जिंगले लावला. पाहून येतो, थांबा."

"कोन थांबते!" मी गडवा खाली ठेवला आणि काठी घेऊन रानाच्या वाटेवर चालू लागलो.

"आबाजी! कुठी जाऊन राह्यले?" पाटील धावला. "येड लागलं का?"

"दहा पावलं चाललो. पोरी, मी आत गेलो. दाब हिरवं!"

मी आत उभा होतो. मागून गाव पाहत होतं. पुढे झुडपांत अंधार व्हायला लागला होता, आणि कुठेतरी एक भेकर भुंकलं.  पण मला त्या आकड्याची घाई झाली होती.

"किती?" मी ओरडलो.

तिचा आवाज आला, अगदी बारीक.  "एक."

"आगोदर किती होते?"

"एकच होते, आबा!"

मी काठी आपटत बाहेर आलो. "आता आलो. दाब लाल."

तिने दाबलं.

"किती?"

"एक!"

"गेलो तरी एक, आलो तरी एक!" मी पाटलाच्या छातीवर बोट ठेवलं. "आत एक मानूस राहला असता तं मी गेल्यावर दोन व्हाले पाहिजे होते का नाई? नाई झाले. मंग आगोदर किती होते पोटात?"

पाटील बोटांवर मोजू लागला. उत्तर नातीने दिलं, ओरडून, रडत आणि हसत, तिन्ही एकदम. "शून्य! पोटात शून्य हाये! वजा मागं लागले, म्हणून काढाच्या आगोदरचा आकडा दाखवते! सकाळी मी फक्त हिरव्याचं नीट केलं, लालचं तसंच राहलं! शेवटची मोळीवाली आली तवा आत एक होती, ती काढली, पण काचेवर आगोदरचाच एक राहला!"

"बोललं आधी, ओतलं मंग," मी म्हणालो. "डबं खोटं नाई बोलत. शिळं बोलते."

पोरांनी काठ्या खाली केल्या. पण पाटील पाटीलच. तो खाली वाकला, गडवा उचलला आणि माझ्या नाकासमोर धरला. "अन् हा? हा तं मोबाईल नोहे."

 सगळं गाव उभं होतं, मुलगा उभा होता, बुढी उभी होती. आदल्या दिवशी याच माणसांसमोर मी हाव म्हटलं होतं. गप्प राहिलो असतो तर पोरं आत गेली असती. मोबाईलच्या पोटात शून्य आहे हे कळल्यावर माझ्या एकाचा अर्थ एकच राहिला होता, आणि तो मला सांगावाच लागणार होता.

"तो वाघोबाचा," मी म्हणालो. "शब्द देऊन बी टाकला. सवयीनं टाकला. टाकला हे मले बी आता कळून राह्यलं, पोरीच्या शून्यावरून."

कोणी हसलं नाही. हसले असते तरी चाललं असतं. पाटील म्हणाला, "आबाजी, तुमच्या एका दाण्यापायी अन् पोरीच्या दोन रेघांपायी आज सात घरं उठली असती." मी मान खाली घातली. आयुष्यात फार वेळा घातलेली नाही.

"पण काकी कुठी हाये मंग?" माझ्या मुलाने विचारलं.

हे खरं होतं. दोन्ही मोजण्या म्हणत होत्या की रानात कोणी नाही, पण घरात काकी नव्हती. पाटलाने फोन लावायला घेतले. पहिला फोन लागला नाही, दुसऱ्या गावात कोणाला माहीत नव्हतं. तिसरा फोन डांबरी रस्त्यावरच्या गावात, काकीच्या भावाकडे. पाटलाने स्पीकर चालू केला. तिकडे वाजंत्री वाजत होती. भावाच्या नातवाचं बारसं होतं. फोन कोणीतरी काकीच्या हातात दिला.

"काय होय? मले कायले शोधून राह्यले? दहा वाजताच आलो मी रानातून, टोपली घरात ठेवली अन् इकडं आलो. इथी पंगत बसून राह्यली, ठेव फोन."

"काकी," पाटील म्हणाला, "सांगून जात जा वो!"

"कोनाले सांगू? वाटेवर तो बुढा बसते न मोजाले, त्याच्या समोरून तं आलो. त्याले इचारा!"

आता सगळे हसले. एवढे हसले की जाळीपलीकडची पाखरं उडाली. मीही हसलो. मला इतका आनंद झाला होता, की त्या वेळी कोणी धुरा मागितला असता तर मी दिला असता. बरं झालं कोणी मागितला नाही.

घरी जाताना नात मागे राहिली. वळून पाहिलं तर डोळे पुसत होती. म्हणाली, "आबा, उद्यापासून गडवाच चालू द्या. माह्या चुकीनं बाबा आत गेले असते."

"माह्या बी," मी म्हणालो. "मंग दोघंबी घरी बसू का? तुहं डबं नसतं तं माह्या एकाचा खुलासा कोनी केला असता? अन् मी नसतो तं तुह्या एकाचा? चूक कुठी हाये ते सापडलं नं? सापडलेली चूक नीट होते. कोनती रेघ कुठी न्यायची ते उद्या मले दाखवजो."

ती म्हणाली, "आताच करतो घरी जाऊन."

"नाई. उद्या. अन् तू नाई करायचं."

वाघोबाच्या चिचोक्याचंही त्याच संध्याकाळी पाटलाने ठरवून टाकलं. वाटेच्या तोंडाशी जो दगड आहे, त्यावर एक चिचोका रोज वेगळा ठेवायचा. देवाचा मान देवापाशी, माणसांची मोजणी गडव्यात. मी तक्रार केली नाही. असा सरळ न्याय मला सुचला नव्हता, याचं थोडं वाईट वाटलं.

रात्री जेवताना मी बुढीला कुडो कसा ओतायचा, बोलायचं केव्हा, हे पुन्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली, "लग्न झालं तवापासून ऐकून राह्यलो." मी म्हणालो, "तवा तुले हे ठाऊक नोहतं, की हेच कॉम्प्युटरात बी हाये!" ती म्हणाली, "तवा तुम्हाले बी ठाऊक नोहतं." आणि वरण वाढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कोंबडा आरवायच्या आधी, मी नातीला उठवलं. खाटेवर लॅपटॉप माझ्या मांडीवर घेतला. तिने लाल बटणाची ओळ दाखवली. एनाच्या मागे दोन आडव्या रेघा. तिने सांगितलेली कळ मी माझ्या बोटाने दोनदा दाबली, रेघा पुसल्या गेल्या. मग तिने ओळीत लुकलुकणारी उभी काडी एनाच्या आधी नेऊन ठेवायला सांगितलं. ती दोनदा पुढे पळाली, तिसऱ्यांदा जागेवर थांबली. वजाची कळ आकड्यांच्या रांगेत शून्याच्या शेजारी आहे. मी ती दाबली, एकदा, आणि मग दुसऱ्यांदा.